टेकडीवरच्या ‘रिकाम्या’ उतारावर झाडं लावायची का? आणि पायवाटेची घळ झालीये, तिचं काय करू?

कुसळ | २० मे, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण एकमेकांत गुंतलेले, म्हणून एकाच धाग्यात टाकतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी पुण्याची. गेली एकोणीस वर्षं सकाळी पावणेसहाला वेताळ टेकडी. नवऱ्याला साखर निघाली म्हणून दोघं चढायला लागलो. त्याने दोन महिन्यांत सोडलं, मी अडकले. आता आमचा बारा-तेरा जणांचा गट आहे. दोन निवृत्त बँकवाले (त्यातली एक मी), एक पीटीचे सर, एक इस्त्रीवाले काका, बाकीचे ‘गुडघे दुखतात पण येतो’ छापाचे. रविवारी प्लास्टिक गोळा करतो, उन्हाळ्यात रोपांना पाठीवरून बाटल्या नेऊन पाणी घालतो. अक्कल कमी, हौस दांडगी.

गेल्या वर्षी एका कंपनीची मंडळी आली. टी-शर्ट, बॅनर, टेम्पोभर रोपं, गुळाचा चहा. खाणीच्या वरच्या अंगाला उघडा उतार आहे, तिथे तीनशे रोपं लावली. फोटो झाले, मंडळी गेली, बाटल्या आमच्या पाठीवर आल्या. होळीपर्यंत मोजून सदतीस उरली. त्यातली बरीचशी करंज आणि कांचन, तीही सुकट.

यंदा त्यांनाच पुन्हा पाच जूनला पाचशे लावायचीत. जागा तीच, थोडी पलीकडे. म्हणून गेल्या रविवारी सर आणि मी फक्कीने खड्ड्यांच्या खुणा करायला गेलो. पाच-सहा झाल्या असतील नसतील, तर एक टिटवी डोक्यावरून अशी बोंबलत गेली की माझ्या हातातली पिशवी सांडली. पुन्हा वळली, पुन्हा अंगावर. सर म्हणाले, “मॅडम, हलू नका, पायाकडे बघा.”

माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी. घरटं असं काही नाहीच. मुरमात बशीएवढा खोलगट भाग, कडेला बारीक खडे मांडलेले, आणि मातकट रंगावर काळे डाग असलेली अंडी टोकं आत करून बसवलेली. नजर हलली की पुन्हा सापडत नाहीत, इतकी त्या जमिनीची. आमची फक्कीची पांढरी फुली त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर.

मी तिथून गुपचूप मागे आले आणि लांब एका दगडावर बसले. एकोणीस वर्षांत त्या उतारावर मी कधी बसले नव्हते, नुसती ओलांडून गेलेय. पाऊण तासात दिसलं ते असं: एक सरडा दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघड-मीट करत होता, छत्री उघडून बघावी तसा. चंडोल उभा वर जाऊन गात होता. सशाच्या लेंड्या. आणि गवत, वाळलेलं, माझ्या मोज्यांत नेहमी घुसणारं, ज्याचं नाव मी इथे घेतलंय.

तर प्रश्न पहिला: ही जागा रिकामी आहे का? आम्ही सगळे तिला ‘बोडकी’ म्हणतो. शेजारीच गिरिपुष्पाचं रान आहे, हिरवंगार, फेब्रुवारीत गुलाबी फुलतं, लोक त्याला ‘जंगल’ म्हणतात. पण त्याच्याखाली बसलं की खाली काही उगवलेलं दिसत नाही. मग उलट तर नाही ना?

प्रश्न दुसरा. याच उताराला कापून एक शॉर्टकट खाली येतो. पाच वर्षांपूर्वी ती बोटभर रेघ होती. आता माझा पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. पहाटे दुचाकीवाली पोरंही तिथून खाली उतरतात. सरांना सिमेंटच्या पायऱ्या हव्यात, इस्त्रीवाले काका म्हणतात खडी टाका. मला दोन्ही पटत नाही, पण ‘पटत नाही’ हे काही उत्तर नव्हे.

---

माळरान्या | २० मे, दुपारी १:३५

कुसळताई, तुमच्या टिटवीने वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाचं काम केलं.

रिकामी नाही. तो गवताळ माळ आहे. पुण्याच्या टेकड्यांवर पातळ माती आणि खाली काळा दगड, त्यामुळे गवत, मध्येच एखादं खुरटं झाड, दगडाच्या कपारीत एखादी झुडपाची जाळी, हाच तिथला मूळ संसार. दाट सावलीचं जंगल तिथे मुळात नसतं, आणलं तर पाणी घालून जगवावं लागतं. तुमची होळीची मोजदाद तेच सांगतेय.

कुसळीचं एक कुसळ घ्या आणि तळहातावर ठेवून त्यावर दोन थेंब पाणी सोडा. ते स्वतःभोवती फिरायला लागतं. पावसात भिजलं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. मोज्यात घुसतं ते याच गुणामुळे. तुमचा मोजा त्याला माती वाटतो. ज्या गवताने पेरणीची एवढी व्यवस्था करून ठेवलीये त्याच्यावर आपण खड्डे घेतो.

पाऊस पडून तीन आठवडे झाले की त्याच उतारावर जा. मारवेल गवत फुटलेलं दिसेल. पांढरी मुसळी दिसेल, कुठे झुडपाला टेकून कळलावी. मुसळी आणि कळलावी उन्हाळाभर कंद होऊन जमिनीखाली झोपलेल्या असतात. म्हणजे मे महिन्यात ‘इथे काही नाही’ म्हणून कुदळ मारणारा माणूस त्यांच्या छतावर कुदळ मारत असतो.

गिरिपुष्पाबद्दल. हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात, गुरांनी खाऊ नये, फांदी रोवली तरी जगावं, असं सगळं हवं असताना ते सोयीचं ठरलं. त्या काळाच्या गरजेला मी शिव्या देणार नाही. पण त्याचं शास्त्रीय नाव ग्लिरिसिडिया, आणि त्याचा लॅटिन अर्थच उंदीर मारणारं असा आहे, मराठीतही काही ठिकाणी ‘उंदीरमारी’ म्हणतात. साल किंवा बिया धान्यात शिजवून उंदरांना घालायची तिकडची जुनी रीत आहे. आपल्याकडे ते दाट वाढतं आणि खालचं गवत उन्हाअभावी जातं.

म्हणून उद्या कोयते घेऊन निघू नका! एकतर ती वनजमीन आहे, परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येत नाही. दुसरं म्हणजे एकदम उघडं केलंत की तिथे तुमचा पळस येणार नाही, घाणेरी आणि रानमोडी येईल. तिथे मध्ये मध्ये जागा करून देशी झाडं घुसवायची, ती वर आली की मग गिरिपुष्प मागे सारायचं. दहा-पंधरा वर्षांचं काम आहे. पाचशे रोपांचा सोस असेल तर तो तिथे भागवा, माळावर नको.

झाडं कोणती: पळस, मोई, सालई, धावडा, मेढशिंगी, आपटा, खैर. झुडपांत हेंकळ, अमोणी, पाचुंदा. मोईला रोपवाटिकेत जायचीही गरज नाही, पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी फांदी रोवली की धरते. पळसपापडी आत्ता गळतेय, ती ताजीच पेरा, ठेवली की जीव जातो.

---

शेंदूर | २० मे, दुपारी ४:०२

म्हणजे आता झाडं लावणंही पाप झालं! शहरात श्वास घ्यायला जागा नाही, पारा बेचाळीसवर, आणि इथे गवत वाचवायची चर्चा. एका पक्ष्याच्या चार अंड्यांसाठी पाचशे झाडं रद्द करायची?

---

माळरान्या | २० मे, दुपारी ४:२०

शेंदूरराव, रद्द नाही, शंभर पावलं डावीकडे. आणि मेलेल्या रोपाची सावली पडत नाही. पाचशे लावा, पण तुमच्या गल्लीत, सोसायटीत, रस्त्याच्या कडेला लावा, जिथे पारा बेचाळीस आहे आणि पाण्याचा नळही आहे.

---

चरवाला | २१ मे, सकाळी ६:१५

राम राम. मी मृदसंधारणात चौतीस वर्षं काढली, नगरकडचा. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण पडलेलं.) बहात्तरच्या दुष्काळात वडील खडी फोडायला होते आणि मी त्यांची भाकरी घेऊन जायचो. त्यामुळे दगड आणि पाणी यांच्यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

ताई, घळ माणसांच्या पायांनी होत नाही. पायांनी गवत मरतं, एवढंच. घळ पाणी पाडतं. सरळ उताराच्या दिशेने वाट गेली की ती वाट राहत नाही, ओढा होते. सिमेंटच्या पायऱ्या केल्या तर पाणी पायरीच्या कडेने जाईल, दोन पावसाळ्यांत पायऱ्या मध्ये उभ्या आणि दोन्ही बाजूंना घळी. खडी टाकली तर पहिल्या वळवाला ती पायथ्याला.

आधी एक काम करा. पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन त्या शॉर्टकटच्या माथ्यावर जाऊन उभ्या राहा. पाणी वाटेत कुठून शिरतंय ते डोळ्यांनी बघा. शंभरातल्या नव्वद वेळा एक-दोन जागा असतात. त्या जागा सापडल्या की निम्मं काम झालं. कोरड्या दिवशी कितीही हिंडलात तरी त्या दिसत नाहीत.

मग माथ्यापासून सुरुवात. कायम माथ्याकडून पायथ्याकडे, खालून वर कधी नाही. वरचं पाणी मोकळं सोडून खाली बांध घातला की तो पहिल्याच रात्री जातो. वाटेला तिरक्या दगडी अडी घाला. काटकोनात नाही, तिरक्या, म्हणजे पाणी थांबणार नाही, वळेल आणि बाजूच्या गवतात जाईल. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गाडायचा, वर फक्त चार बोटं. नुसता ठेवलेला दगड पोरं लाथेने उडवतात. अडीच्या खालच्या तोंडाशी माती साचते, ती पावसाळ्यात दोनदा खोऱ्याने काढायची. सगळे अडी घालतात आणि हे तोंड साफ करायला कोणी जात नाही, मग म्हणतात पद्धत चुकीची.

गुडघाभर झालेल्या भागात अनघड दगडी बांध. कंबरेएवढे नकोत, वीत-दीड वीत पुरे. मोठे दगड खाली, दोन्ही टोकं घळीच्या काठात घुसवलेली, आणि मधला भाग टोकांपेक्षा खाली. मध्ये उंच ठेवला की पाणी कडेने कुरतडून बांधालाच वळसा घालतं. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाशी समपातळीत आला पाहिजे, अंतराचा हिशेब एवढाच. मागे गाळ भरला की त्यात गवत आपोआप येतं.

दगड उतारावरचे उपटू नका. ते जमिनीला धरून बसलेत आणि त्यांच्याखाली लोक राहतात. खाणीच्या कडेला सुटे पडलेत ते आणा. आणि उचलताना आधी काठीने उलथवा, मग हात. फुरसं तुमच्याकडे आहेच. वेटोळं करून अंग अंगावर घासतं, करवतीसारखा खरखर आवाज येतो. तो आवाज ऐकला की शहाण्यासारखं मागे फिरायचं, व्हिडिओ काढायचा नाही.

शॉर्टकट बंद करताना दोन्ही तोंडं बंद करा, मधला भाग राहू द्या. माणूस वरून खाली रस्ता दिसला की उतरतो, म्हणून वरचं तोंड नजरेआड गेलं पाहिजे. बोरी-बाभळीचे वाळलेले फांटे पसरा. पण मूळ वाट आधी नीट करा. ती निसरडी असेल तर फांटे बाजूला सारून लोक जातातच, आणि बरोबर करतात.

एक कबुली. आम्ही उभ्या हयातीत मैलोन्‌मैल सलग समतल चर खणले, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीत जाणारे लांब खंदक. उजाड शेताडीच्या वर ते चांगलंच काम होतं, आजही म्हणेन. पण धड गवत असलेल्या कितीतरी माळांवरही खणले, कारण उद्दिष्ट हेक्टरमध्ये असायचं. त्या गवताचा पंचनामा कोणी केला नाही. माळरान्या म्हणतात ते मला नोकरीत कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

---

कुसळ | २१ मे, सकाळी ११:४०

चरवाले काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून सरांना दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, “माणूस पीटीचा असायला हवा होता.” यापेक्षा मोठी पावती त्यांच्याकडे नाही.

कुसळाचा प्रयोग केला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, चमच्याने पाणी घालून. फिरलं! नवऱ्याला हाक मारली, त्यालाही दाखवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा टेकडीविषयी त्याने एक प्रश्न विचारला.

वनरक्षकांना भेटले. चांगला मुलगा आहे, ऐकून घेतलं. अडी आणि फांट्यांना हरकत नाही, पण अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावाने लेखी द्या म्हणाला. दिला. कंपनीच्या मंडळींना फोन केला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न, “मॅडम, पण मग फोटो कुठे काढायचा?” मी म्हटलं गिरिपुष्पात सावली आहे, फोटो बरे येतात. ते पटलं.

अजून एक विचारायचं राहिलं. सप्टेंबरात टेकडीभर नारिंगी फुलं येतात, ज्यात पोरी-पोरं रीळ काढतात, ती देशी ना?

---

माळरान्या | २१ मे, दुपारी १२:१५

नाही! ते कॉसमॉस, तेही मेक्सिकोचं. बागेतून निसटून टेकडीवर आलंय. फुलं आली की गर्दी जमते, आणि गर्दी त्याच गवतातून नवी वाट पाडते, म्हणजे तुमचे दोन्ही प्रश्न एकाच फोटोत. वर्षायू आहे, मूळ उथळ. जमीन ओली असताना, फुलं धरायच्या आत उपटा. बी पडू दिलंत तर पुढच्या वर्षी तिप्पट. गाजरगवतही तसंच, पण हातमोजे घाला, अंगावर उठतं.

---

मुळशीकर गुरुग्रामात | २२ मे, रात्री १०:५०

नोकरीमुळे अकरा वर्षं इकडे. इथे अरावली जैवविविधता उद्यान आहे, सुमारे ३९० एकर. मूळची खाणींची जागा. नागरिकांनी २०१० पासून पालिकेबरोबर काम करून तिथे अरावलीची मूळ झाडं परत आणली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला संरक्षित क्षेत्राबाहेरचं संवर्धनक्षेत्र असा देशातला पहिला दर्जा मिळाला.

सांगायचं कारण वेगळं. तिथे धौ नावाचं झाड लावलंय, ते आपल्या धावड्याचं चुलत भावंड. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मी तिथेच उभा राहून आईला फोन केला होता. रोपवाटिकांत अशी झाडं मिळत नसत, म्हणून त्यांनी आजूबाजूच्या जुन्या रानांतून बी गोळा करून स्वतः रोपं केली. तुमच्याकडेही तेच करावं लागेल असं वाटतं. आमच्याकडची वेडी बाभूळ, जिला इथे विलायती कीकर म्हणतात, तीही त्यांनी हळूहळूच हटवली.

---

शेंदूर | २३ मे, सकाळी ८:३०

माझ्या सोसायटीत बावीस झाडांची जागा निघाली. बहावा आणि कडुलिंब चालेल ना? (हरलो असं कोणी समजू नये.)

---

चरवाला | २३ मे, सकाळी ९:०५

चालेल. खड्डा दीड फूट घ्या, आणि भोवती सिमेंटचं आळं करू नका, झाड गळफास घेतल्यासारखं होतं.

---

कुसळ | १४ जुलै, सायंकाळी ७:२०

वर आणतेय धागा. अर्ज महिनाभर फिरला आणि मग मंजूर झाला.

टिटवीची पिल्लं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघाली. मी रोज लांबूनच बघत होते. एके सकाळी अंडी नव्हती, टरफलाचा तुकडाही नाही, धस्स झालं. मग कापसाच्या बोळ्याला काड्या लावाव्यात तशी तीन दिसली, पळत होती. चौथं दिसलं नाही. कुत्री असतील किंवा मुंगूस. कुत्र्यांना बिस्किटं टाकणाऱ्यांशी माझं रोज भांडण होतं, त्याचा वेगळा धागा काढेन.

छत्री घेऊन माथ्यावर उभी राहिले. काका, एकच जागा निघाली! वरच्या सपाटीवर दुचाकीच्या चाकोरीचं पाणी सरळ आमच्या शॉर्टकटमध्ये. तिथे पहिली अडी घातली, मग खाली सहा, घळीत चार बांध. काठीने दगड उलथवताना दोन विंचू आणि एक भलीमोठी गोम निघाली, फुरसं नाही. कंपनीची मंडळी गिरिपुष्पात पळस आणि मोई लावून गेली, फोटोसकट.

आता अडचण. तिसऱ्या अडीशी पाणी वळतं, पण बाजूच्या गवतात न जाता दोन हात पुढे जाऊन पुन्हा वाटेत येतं. तिथे दगडी कातळ आहे, खणता येत नाही. अडी अजून तिरकी करू की खाली आणखी एक घालू? रविवारी सगळे येणार आहेत, त्याआधी सांगा.